नाव झाकले, विद्या उघडली

ज्याच्या हाती एखादी विद्या आहे त्याने ती दुसऱ्यास द्यावी की आपल्यापाशी राखून ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा दिसतो. पण तो परमार्थाचाही आहे, आणि माझ्या मते तो आधी परमार्थाचा आहे. द्रव्य दिल्याने सरते व विद्या दिल्याने वाढते, हे आपण सर्वांनी लहानपणी घोकलेले असते. पण घोकणे निराळे आणि वागणे निराळे. वैद्य आपली मात्रा सांगत नाही. गवई आपली ठेवणीतली चीज शिष्याला अखेरपर्यंत देत नाही. आचारी मसाल्याची पुडी पाठमोरा होऊन टाकतो. आणि सोनाराच्या दुकानी डाक लावायची वेळ आली, की नेमके त्याच वेळी उमेदवार पोऱ्याला पाणी आणायला पिटाळतात! यात सगळीच माणसे वाईट असतात असे नाही. पोटाची भीती असते, मोठेपणाची हौस असते, आणि ‘पात्र शिष्य मिळाला नाही’ ही सबब तर सर्वांच्या हाताशी असते.

सोनार हा शब्द निघाला म्हणजे आपल्या वाचकांना नरहरी महाराज आठवणार. विठ्ठलाच्या कमरेच्या साखळीचे माप पुन्हा पुन्हा चुकले ती कथा महीपतिबोवांनी ‘भक्तिविजया’त सांगितली आहे, व कीर्तनातून ती आपण कितीदा तरी ऐकली आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की नरहरी महाराजांनी दुकान मोडून परमार्थ केला नाही. देवाची ओळख पटली ती दागिना हातात असताना पटली. ऐरण आणि हातोडी ज्याच्या परमार्थाच्या आड आली नाही, उलट जिने त्याचा परमार्थ घडविला, असा आणखी एक सोनार फार दूरच्या मुलखात होऊन गेला. त्याचा देव निराळा, भाषा निराळी, वेष निराळा. पण वर जो प्रश्न मांडला त्याचे उत्तर त्याने जितके स्पष्ट दिले आहे तितके क्वचितच कोणी दिले असेल. म्हणून त्याची ओळख करून देतो.

तो जर्मनीतला, ख्रिस्ती मठातला साधू. काळ बाराव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे ज्ञानोबा माउलींच्या जन्माच्या दीडशे वर्षे आधीचा. त्याने लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. ‘विविध कलांविषयी’ असा त्याच्या नावाचा अर्थ. त्याचे तीन भाग आहेत: पहिला रंगांचा व चित्रांचा, दुसरा काचेचा, आणि तिसरा, सर्वांत मोठा, धातूंचा. ग्रंथाच्या आरंभी तो स्वतःला थिऑफिलस म्हणवतो. हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ देवावर प्रेम करणारा, भगवद्भक्त. हे त्याचे खरे नाव नव्हे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. व्हिएन्नामध्ये या ग्रंथाची एक फार जुनी हस्तलिखित प्रत आहे. तिच्यावर, थिऑफिलस म्हणजेच रुगेरुस, अशी नोंद मागाहून कोणी केलेली आहे. त्यावरून आणि कामाच्या साम्यावरून अनेकांनी असे ठरविले, की हा हेल्मार्सहाउझेन येथील मठातला रॉजर असावा. हा रॉजर नावाजलेला सोनार होता. पाडरबोर्न येथे बरोबर नेता येण्याजोग्या, धातूने मढविलेल्या पूजेच्या वेदी आहेत, त्या त्याच्या हातच्या मानतात. हा तर्क बळकट आहे, पण तर्कच आहे. ग्रंथकर्त्याने स्वतः आपले नाव दिलेले नाही, ही गोष्ट मात्र तर्काची नाही, आणि मला तीच महत्त्वाची वाटते.

आता ग्रंथात काय आहे ते पाहू. तिसऱ्या भागात तो सोन्यापासून सुरुवात करीत नाही, घरापासून करतो. कारखाना कसा बांधावा, तो उंच व मोकळा हवा, त्याची लांबी पूर्वेकडे असावी, खिडक्या दक्षिणेच्या भिंतीला असाव्यात, त्या जमिनीपासून किती उंच, आपसांत किती अंतरावर, हे सारे सांगतो. ओतकाम आणि तांबे, कथील, शिसे यांचे काम एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मध्ये भिंत घालून सोन्याची खोली निराळी व चांदीची निराळी. मग कारागिराची बैठक. खिडकीखाली खड्डा करून त्याभोवती बसावे आणि मांडीवर कापड पसरावे, म्हणजे सोन्याचांदीचा जो कण पडेल तो वाया जाणार नाही. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातली राख आणि केर धुऊन सोने काढणारा झारेकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कापडाचे मोल सांगायला नको. त्यानंतर भट्टी, मेंढ्याच्या कातड्याचे भाते, ऐरणी, हातोड्या, सांडश्या, तार ओढण्याचे जंतर, कानशी. कानस विकत आणा असे तो म्हणत नाही. ती कशी घडवावी आणि तिला पाणी कसे द्यावे ते सांगतो. म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही, अशा माणसाला समोर बसवून हे शिकविणे चालले आहे.

पुढे चांदी शिशाबरोबर राखेच्या मुशीत तापवून शुद्ध करणे, सोन्याचे पत्रे मीठ आणि भाजलेल्या मातीची पूड यांच्या थरात घालून बंद भांड्यात तापवून त्यातले हीण काढणे, सोन्यातली चांदी गंधकाने वेगळी करणे, मीनाकाम, पत्र्यावर ठोकून उठावाची चित्रे काढणे, मेणाचा आकार करून त्यावर माती लिंपून धूपदाणी ओतणे, पूजेचा पेला घडविणे, देवळाची घंटा ओतणे. यादी फार लांब आहे. नुसती यादी कोणीही देईल. याच्या लिहिण्यात जी गोष्ट नजरेत भरते ती अशी, की हाताला जेथे अडेल तेथे तो थांबतो. विस्तव केवढा असावा, धातू कोणत्या रंगावर आला म्हणजे भाता थांबवावा, कोणते काम सावकाश करावे, कोणत्या कामात क्षणाचाही उशीर करू नये. हे ज्याने स्वतः पन्नास वेळा केले आहे, आणि त्यातले काही वेळा बिघडविलेही आहे, त्यालाच लिहिता येते.

एक जागा तर मला फार हृद्य वाटते. सोन्याचा मुलामा देण्यासाठी सोने पाऱ्यात कालवावे लागते आणि मग पारा विस्तवावर उडवून लावावा लागतो. ही कृती सांगता सांगता तो शिष्याला बजावतो, की हे काम उपाशीपोटी करू नकोस. रिकाम्या पोटी पाऱ्याची वाफ फार घातक असते, तिने नाना रोग होतात. आणि त्यावर कचोरा, मिरी, लसूण, द्राक्षासव असे उतारही सांगतो. आज आपल्याला ठाऊक आहे, की पाऱ्याची वाफ भरल्या पोटीही तितकीच घातक असते आणि लसणीने ती उतरत नाही. औषध चुकीचे होते. पण ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही अशा शिष्याने सकाळी काही खाल्ले आहे की नाही, याची काळजी त्या लिहिणाऱ्याला होती. सगळेच त्याचे खरे होते असेही नाही. स्पेनमधले सोने एका भयंकर सर्पासारख्या प्राण्याची राख आणि तांबड्या केसांच्या माणसाचे रक्त यांपासून करतात, ही भाकडकथा त्याने गंभीरपणे लिहून ठेवली आहे. ती ऐकीव होती. हाताखालच्या गोष्टींत तो असा फसत नाही.

आता मूळ प्रश्न. इतके सारे त्याने उघडे का केले? याचे उत्तर तो प्रस्तावनांतून देतो, आणि त्याचा भाव असा: माणसाला जी बुद्धी व कुसरी आहे ती देवाने दिलेली आहे, माणसाने मिळविलेली नाही. पूर्वजांनी ती जपून आपल्यापर्यंत पोचविली. जे फुकट मिळाले ते फुकट द्यावे. जो ते मत्सराच्या पोत्यात बांधून ठेवतो किंवा लोभी हृदयाच्या कोठारात कोंडतो, तो देवाच्या ठेवीचा अपहार करतो. आणि स्वतःविषयी तो सांगतो, की हे मी कोणाच्या स्तुतीसाठी वा मोबदल्यासाठी लिहिले नाही, आणि मत्सरापायी मौल्यवान असे काहीही दडवून ठेवले नाही.

‘ठेव’ ही कल्पना येथे नीट समजून घेतली पाहिजे. सोनाराला ती जितकी समजते तितकी इतरांना समजत नाही. दुसऱ्याचे सोने त्याच्या घरी येते, त्याच्या विस्तवात वितळते, त्याच्या हाताने नवा आकार घेते, आणि तरीही ते त्याचे होत नाही. घडणावळ त्याची, सोने गिऱ्हाइकाचे. आपल्याकडे सोनाराच्या संगतीविषयी जी कुत्सित म्हण आहे तिचे मूळ एवढेच, की या दोहोंतली रेघ पुसट करणे त्याला फार सोपे असते. थिऑफिलस म्हणतो ते असे, की विद्येचेही तसेच आहे. कारागिराचे श्रम त्याचे, विद्या मालकाची. दुसऱ्याच्या सोन्यात हीण मिसळणे ही चोरी, हे कोणीही कबूल करील. पण देवाच्या विद्येला कुलूप लावणे हीही चोरीच, असे म्हणायला छाती लागते.

यावर विचारी वाचक म्हणेल, की मठातल्या साधूला हे बोलायला काय जाते? त्याची भाकर मठात शिजत होती. ज्याला बायकापोरे आहेत त्याने आपली कला शेजाऱ्याला शिकवून उद्या त्याच्याशीच स्पर्धा करावी काय? हा आक्षेप खरा आहे, तो हसण्यावारी नेता येत नाही. पण लपविल्याने पोट राखले जाते, हे तरी खरे आहे काय? व्हेनिसच्या राज्याने १२९१ साली आपले काच करणारे कारागीर मुरानो बेटावर नेऊन बसविले. पुढे तर कारागिराने ती विद्या घेऊन परदेशी जाणे हा गुन्हा ठरला. पण १६६५ च्या सुमारास फ्रान्सने तेथले आरसे करणारे कारागीर फोडून नेलेच. आणि आपल्या इकडचे पाहा. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने करण्यास बंदी झाली. हजारो सोनारांच्या चुली त्या वेळी थंडावल्या. त्यांच्या पोटावर पाय आला तो शिकविलेल्या शिष्यांमुळे नव्हे. उलट जी घरे दुसऱ्या धंद्याकडे वळली, त्यांतली जी कसबे फक्त बापाच्या हातात होती, ती बापाबरोबर गेली. १९९० साली सुवर्णनियंत्रणाचा कायदा रद्द झाला, पण गेलेली कसबे त्यामुळे परत आली नाहीत. शिष्याला योग्य मोल घेऊन शिकवावे याला कोणाची हरकत नाही. शिकवूच नये, याला आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. शुद्ध करण्याची विद्या तीच भेसळीची विद्या असते. सोन्यातून चांदी कशी काढावी हे ज्याला कळले, त्याला ती कशी दडवावी हेही कळते. मग अपात्राच्या हाती हे सारे द्यावे काय? आणि येथे एक मोठा विलक्षण योग सांगण्यासारखा आहे. या ग्रंथाचे एक नामांकित इंग्रजी भाषांतर १९६३ साली शिकागोच्या विद्यापीठाने प्रसिद्ध केले. ते करणाऱ्या दोघांपैकी एक हॉथॉर्न नावाचे जुन्या भाषांचे पंडित, आणि दुसरे सिरिल स्टॅन्ली स्मिथ हे धातुशास्त्रज्ञ. हे स्मिथ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लॉस अलामोस येथे होते. अणुबाँबसाठी लागणाऱ्या धातूंचे काम त्यांच्याकडे होते. ज्या जागेचे नावसुद्धा बाहेर काढण्याची परवानगी नव्हती, तेथे धातूची विद्या कुलपात ठेवून राबलेला हा माणूस पुढे, ज्याने धातूची विद्या सगळी उघडी केली, त्याच्या ग्रंथाचे पान न् पान तपासत बसला. त्यांच्या मनात काय होते हे मी कसे सांगावे? पण वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतोच. अणुबाँबची कृतीही मत्सराच्या पोत्यातून काढून सर्वांपुढे पसरावी काय?

थिऑफिलसला बाँब ठाऊक नव्हता, पण प्रश्न ठाऊक होता. तिसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत तो देवाच्या आत्म्याची सात देणी सांगतो आणि ती कारागिराच्या कामाला लावतो. ज्ञान, समज, सल्ला, धैर्य वगैरे. त्यांतले भक्तीचे देणे आपल्या उपयोगाचे आहे. भक्तीच्या योगाने कारागिराला काय कळते? तर काय करावे, कोणासाठी करावे, केव्हा करावे, किती करावे आणि कसे करावे हे कळते. आणि त्याला जोडूनच तो सांगतो, की लोभ शिरू नये म्हणून मजुरी किती घ्यावी हेही तीच ठरविते. पाहा, मर्यादा त्याने घातलीच आहे, पण ती कोठे घातली? शिकविण्यावर घातली नाही, करण्यावर घातली. ‘कोणाला शिकवावे’ असे विचारले तर त्याचे उत्तर एकच: ज्याच्या मनात देवाने शिकण्याची ओढ घातली आहे त्याला. पण ‘कोणासाठी घडवावे’ असे विचारले, की लगेच पाच प्रश्न. आपण बहुधा याच्या उलट करतो. शिकविताना पात्रापात्र पाहतो आणि घडविताना पैसे देईल त्याचे काम घेतो. बाँबच्या बाबतीत जगाने हेच केले. शिकण्यावर पहारे बसविले. करावा की नाही, कोणावर, किती, हे विचारणारे थोडे शास्त्रज्ञ निघाले. त्यांचे म्हणणे कागदावर राहिले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये दोन शहरे भस्म झाली. सर्वच विद्या सर्वांपुढे मांडाव्यात असे मी म्हणत नाही. एकट्या मनुष्याच्या हातून क्षणात लाखांचा घात होईल अशी विद्या हा अपवाद मानावा लागेल. पण अपवादाच्या आड लपून डाक लावण्याची कृती पोऱ्यापासून चोरणाऱ्याने स्वतःला लॉस अलामोसचा पहारेकरी समजू नये.

याच्या शेजारी इटलीच्या बेनव्हेनुतो चेल्लिनीला उभा करून पाहावे. जन्म १५००, मृत्यू १५७१, गाव फ्लॉरेन्स. सोनारकामात त्याच्या तोडीचा माणूस क्वचितच झाला असेल. फ्रान्सच्या राजासाठी त्याने केलेली सोन्याची मीठदाणी आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. पण स्वभाव कसा? आपल्या आत्मचरित्रात तो माणसे मारल्याचे स्वतःच सांगतो, आणि तेही फारसा पश्चात्ताप न होता. १५२७ साली रोमवर हल्ला झाला तेव्हा पोपने आपल्या अलंकारांतले सोने वितळविण्याचे काम त्याला दिले. राखेत जे बारीक कण राहिले ते त्याने स्वतःकडे ठेवले आणि पुढे पोपपाशीच कबुली देऊन क्षमा मिळविली. एकाने मांडीवर कापड पसरून कण जपायला शिकविले, दुसऱ्याने राखेतले कण खिशात घातले! आणि तरीसुद्धा याच चेल्लिनीने उतारवयात सोनारकामावर एक ग्रंथ लिहिला, तो १५६८ मध्ये छापला गेला, आणि त्यात कृती भरभरून सांगितल्या. पानोपानी ‘मी, मी’ आहे, दुसऱ्या कारागिरांची निंदा आहे, पण विद्या खरी आहे. १८९८ साली लंडनमध्ये ॲशबी नावाच्या गृहस्थाने त्याचे इंग्रजी करून आपल्या कारागीर मंडळींना वाचायला दिले. त्या मंडळींना त्यातून शिकताना चेल्लिनीच्या पापाचा वाटा घ्यावा लागला नाही.

म्हणून, गुरू शुद्ध नसेल तर त्याची विद्याही घेऊ नये, असे जे काही सोवळे लोक म्हणतात ते मला पटत नाही. कसोटीच्या दगडावर सोने घासावे, सोनाराला घासू नये. मात्र दोघांत एक फरक राहतोच. चेल्लिनीचे पुस्तक वाचून चेल्लिनीसारखे व्हावे असे वाटते. थिऑफिलसचे वाचून पेला घडवावासा वाटतो.

थिऑफिलसचेही सगळेच मोकळे होते असे म्हणता येणार नाही. त्याने विद्येचे दार उघडले, पण उंबरठा लॅटिनचा ठेवला. त्या काळी त्या देशात लॅटिन वाचणारे म्हणजे बहुतेक मठातले आणि देवळातले लोक. बाजारात बसून तांबे ठोकणाऱ्याला त्या ग्रंथाचा काय उपयोग? गीतेचा अर्थ शके १२१२ मध्ये मराठीत सांगून मोकळे झालेल्या माउलींची ज्यांना ओळख आहे, त्यांना हे उणे जाणवल्यावाचून राहणार नाही. त्याच्या बाजूने इतकेच म्हणता येईल, की त्या ग्रंथाच्या नकला पुढच्या शतकांत होत राहिल्या, आणि त्याची आठवण पुसट झाली तेव्हा १७७४ साली लेसिंग या जर्मन साहित्यिकाने त्यातला तैलरंगांचा भाग लोकांपुढे आणून तिकडच्या विद्वानांचे लक्ष पुन्हा त्याकडे वळविले.

सहाशे वर्षे लोटल्यावर कोणी वाचील हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. तो समोरच्या शिष्याला ‘बाळा’ म्हणून हाक मारतो आणि पहिल्या प्रस्तावनेच्या अखेरीस दक्षिणा मागतो. सोने मागत नाही, नाव सांगा असेही म्हणत नाही. माझ्या या श्रमाचा तुला जेव्हा जेव्हा उपयोग होईल, तेव्हा तेव्हा देवाने माझ्यावर दया करावी म्हणून प्रार्थना कर, एवढेच त्याचे मागणे आहे. प्रार्थना करणाऱ्याला घ्यायला नाव एकच ठेवले आहे, थिऑफिलस, आणि ते तर कोणाही भगवद्भक्ताला लागू पडते.